पाहुण्यांचं नाव नसलेल्या बातम्या

नलूताई गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. कोल्हापूरहून कॅफेसाठी सामान घेऊन परतत होतो. घाटात मोबाइलला रेंज नव्हती, आणि नंतर बॅटरी संपली. मालवणच्या स्टँडवर एसटीतून उतरलो, पिशव्या खाली ठेवल्या, मान वर केली आणि समोर तो बोर्ड. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली कोपऱ्यात ताईंचा पासपोर्टएवढा फोटो, कुठल्या तरी समारंभातून कापलेला, शेजारच्या बाईचा खांदा त्यात तसाच राहिलेला. आणि उरलेल्या सगळ्या बोर्डभर हात जोडून उभे असलेले शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. ताईंच्या नावातही चूक होती, ‘नलीनी’ लिहिलं होतं. ज्या बाईनं चार वर्षं गावोगावच्या पोरापोरींची नावं एका वेलांटीचीही चूक न करता लिहिली, तिचं नाव तुम्हाला शेवटच्या दिवशीसुद्धा नीट लिहिता आलं नाही! मी तिथं रडलो नाही. राग आला. आज काही आठवडे झाले, तो गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

या लेखात मी अध्यक्षांचं नाव घेणार नाही. भीतीनं नव्हे. ताईंचा नियमच तसा होता... प्रमुख पाहुण्यांचं नाव बातमीत येत नाही.

बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. वह्या, पट्ट्या, परीक्षेचे पॅड, शाळांचे बिल्ले, आणि वरच्या फळीवर ओळीनं चषक आणि ढाली. वडिलांनी सुरू केलेलं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं तर म्हणत, ‘‘इचारूक कोण बरो इलोच नाय.’’ शाळेत असताना त्या खो-खो खेळत. जिल्ह्याच्या संघात त्यांची निवडही झाली होती, पण मुलीला परगावी मुक्कामाला पाठवायचं नाही म्हणून वडिलांनी नाव काढून घेतलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही वह्यांचे गठ्ठे बांधता बांधता, माझ्याकडे न बघता. पुढं मात्र गावात कुठंही शिट्टी वाजली की दुकानातल्या मुलीवर गल्ला सोपवून त्या मैदानावर हजर व्हायच्या.

माझं सायबर कॅफे स्टँडजवळ. दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी त्या आल्या, छत्री दाराला टेकवून ठेवली आणि विचारलं, ‘‘बाबू, तुज्या हय पेपर काडूक येता काय रे?’’

मला वाटलं, पेपर वाचायचा असेल. ‘‘वाचूचो नाय, काडूचो. माजो सोताचो. कम्प्युटरार.’’ आणि त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेची बातमी होती. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, आभारप्रदर्शन करणारे... सगळ्यांची नावं होती. सगळ्यात शेवटी, ‘विजेत्या संघाचे सर्वत्र अभिनंदन होत आहे.’

‘‘ह्या बग,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इतकी नावां आसत. त्यातलो एक तरी धावलो काय?’’

मराठीत टाइप करायची सोय तेव्हा नुकतीच आली होती. मलाही ती धड येत नव्हती. आम्ही दोघं मिळूनच शिकलो म्हणा ना. त्यांनी ब्लॉगचं नाव ठेवलं ‘चुन्याची रेघ’. मी म्हटलं, काहीतरी भारदस्त ठेवूया, क्रीडाविश्व वगैरे. तर म्हणाल्या, ‘‘इश्व नको माका. मैदानार चुन्याची रेग मारलेली आसता, तिच्या आत काय झाला तेवडाच मी लिवतलंय. रेगेभायर खुर्चेर बसलेल्यांचा नाय.’’

आणि तसंच लिहिलं. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणं, शाळांच्या अंतर्गत स्पर्धासुद्धा. कुणकेश्वरला सामने असले की पहिल्या एसटीनं निघायच्या, पार इन्सुलीपर्यंत जाऊन यायच्या. भाच्यानं मुंबईहून पाठवलेला छोटा डिजिटल कॅमेरा गळ्यात, डोक्यावर छत्री, हातात पाण्याची बाटली. संध्याकाळी धुळीनं लाल झालेल्या पायांनी कॅफेत येऊन दोन बोटांनी टाइप करत बसायच्या. संघातल्या प्रत्येकाचं नाव यायचं, बाकावर बसून राहिलेल्या राखीव खेळाडूचंसुद्धा. हरलेल्या संघाचंही. कोण कशी पडली, कुणी पडल्यावर समोरच्या संघातल्या मुलीला हात दिला, कुठल्या मैदानावर प्यायला पाणी नव्हतं, मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती म्हणून त्या चादर धरून उभ्या होत्या... सगळं यायचं. साध्या भाषेत, विशेषणं न लावता. ‘दमदार’ हा शब्द त्यांनी मला एकदाही वापरू दिला नाही.

वाचणार कोण, असं मला वाटायचं. पण मुंबईतले चाकरमानी वाचू लागले. बोटीवर नोकरीला असलेल्या एका बापानं कुठल्याशा परदेशी बंदरातून लिहिलं होतं, ‘माझी मुलगी शेवटपर्यंत बाद झाली नाही हे तुमच्यामुळे कळलं. फोनवर ती फक्त हरलो म्हणाली होती.’ ताईंनी ते तीन-चारदा वाचलं आणि नंतर उगाच माझ्यावर खेकसल्या, ‘‘ह्यो पंखो आवाज कित्या करता रे?’’ ज्या घरांत कम्प्युटर नव्हता तिथल्या आया यायच्या आणि आपल्या पोरीची बातमी कागदावर छापून न्यायच्या.

त्या आयांतलीच एक रुक्मिणी. बंदरावर मासे विकायची. नवरा होडीवर खलाशी. तिची थोरली मुलगी मानसी, अध्यक्षांच्या संस्थेच्या शाळेत. कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागं सरकायच्या, अशी. पोलिसात भरती व्हायचं तिचं ठरलं होतं. खेळाडू म्हणून निवड होते, हे ताईंनीच तिला सांगितलं होतं, आणि रोज सकाळी ती किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत धावायची.

दोन हजार आठ साल. मानसी दहावीत. तालुक्याच्या स्पर्धा त्यांच्याच शाळेच्या मैदानावर होत्या. त्याच आठवड्यात त्याच मैदानावर अध्यक्षांच्या साठीचा सत्कार झाला होता. भला मोठा मांडव घातला होता. मांडव निघाला, पण खांबांचे खड्डे बुजवायला कुणाला वेळ नव्हता. वरवर वाळू लोटली आणि त्यावरच चुना मारून मैदान आखलं. उपांत्य सामन्यात चढाईवरून मागं फिरताना मानसीचा पाय त्या वाळूत गेला, तो गुडघ्याखालपर्यंत. ती ओरडली ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. तो सामना तिच्याशिवाय कसाबसा जिंकला.

खरी चीड येते ती पुढं. दुपारी अंतिम सामना. पाहुणे आलेले, चषक टेबलावर मांडलेला, आणि शाळा हरते की काय अशी स्थिती. तेव्हा त्या सुजलेल्या गुडघ्यावर स्प्रे मारला, पट्टी बांधली, आणि तिला परत उतरवलं. ताई रेषेलगत उभ्या होत्या. त्यांनी शिक्षकांना सांगितलं, ‘‘सर, तिका उतरवू नका, तिका उभा रवाक येयना नाय.’’ सर म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही तुमचं लिहिण्याचं काम करा.’’ मानसी एका चढाईला गेली. पकड झाली, चार जणी अंगावर पडल्या... त्यानंतर तिला उचलूनच बाहेर आणावं लागलं. शाळा जिंकली. पाहुण्यांच्या हस्ते चषक दिला गेला. मानसी तेव्हा मैदानाच्या कडेला एका रिक्षात आडवी होती, आणि तिच्यासोबत कोण जाणार याची चर्चा चालली होती. शेवटी ताईच बसल्या.

गोव्याला ऑपरेशन झालं. गुडघा पूर्ण वाकत नाही, तो आता कधी वाकणारही नाही. दहावीची परीक्षा तिनं पाय समोरच्या बाकावर सरळ ठेवून दिली.

ताईंनी जे पाहिलं ते लिहिलं. ‘हा खड्डा कोणाचा?’ एवढाच मथळा. सोबत खड्ड्याचा फोटो. खोली कळावी म्हणून त्यात स्वतःची चप्पल उभी करून ठेवलेली. सत्काराचा मांडव, वाळू, स्प्रे, परत उतरवणं, रिक्षा, सगळं क्रमानं. एकही शिवी नाही, एकही आरोप नाही. शाळेनं खुलासा केला की विद्यार्थिनी घरच्या पायरीवरून पडली होती, मैदानाशी त्याचा काही संबंध नाही. घरची पायरी! रुक्मिणीच्या घराला पायरीच नव्हती. दारापुढच्या सारवलेल्या खळ्यातून सरळ आत पाय टाकायचा.

मग सुरू झालं. ब्लॉगवर खोट्या नावांनी घाण लिहिली गेली. हिला मूल ना बाळ, हिला पोरांचं काय कळणार, असलं. ते शब्द मी पुसून टाकत होतो, पण त्या येण्याआधी पुसायला मला नेहमीच जमलं नाही. शाळांनी दुकानातलं सामान घेणं बंद केलं. आणि पुढच्या स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या गेटवर शिपायानं त्यांना अडवलं. तो बिचारा मान वर करत नव्हता. ‘‘ताई, माका माफ करा. तुमका आत सोडूचा नाय असा वरसून सांगितला हा.’’

‘‘तुजो काय दोष नाय रे,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तू गेट सांबाळ. मी गडगो सांबाळतंय.’’

मैदानाच्या पलीकडं कुणाची तरी काजूची बाग आहे. तिच्या चिऱ्यांच्या गडग्याआड, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतीआड, दगडावर उभं राहून त्यांनी सामने पाहिले. सामना संपला की पोरी धावत गडग्याकडं यायच्या, ‘‘ताई, माजा नाव लिवलास मा? दुसऱ्या डावात मीच होतंय!’’ शिक्षक हाका मारायचे, तरी यायच्या. एका संस्थेला आपल्या मैदानावरून एक बाई हाकलता येते. पण पोरींचे पाय कुठं वळतील हे ठरवता येत नाही, हे त्या माणसांना तेव्हाही कळलं नाही.

आणि मग एका सकाळी रुक्मिणी दुकानात आली. मी तिथंच होतो, प्रिंटरचे कागद घ्यायला गेलो होतो. तिनं माशांची पाटी बाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि उभीच राहिली.

‘‘ताई, तुमी लिवलास ता खरा आसा. एक अक्षर खोटा नाय. पण ता काडा.’’

‘‘कित्या गो?’’

‘‘धाकटी थंयच नववीत आसा. अध्यक्ष सायबांनी माका बोलावल्यानी आणि इचारल्यानी, ‘तुमची दुसरी मुलगीसुद्धा आमच्याकडेच शिकते ना?’ एवडाच. फुडे काय बोल्ले नाय. पण माका समाजला.’’

ताई गल्ल्यावरची पेन सारखी करत राहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘बाबू, काड.’’

मी भांडलो. रुक्मिणी गेल्यावर खूप भांडलो. म्हटलं, ताई, हे काढलं तर ते जिंकले. त्या म्हणाल्या, ‘‘जिंकांदेत. माज्या तोंडार थुकले तर मी पुसान टाकीन. पण त्या चेडवाचा वरीस फुकट गेला तर कोण भरून देतलो? तू?’’ मी लेख काढला. ब्लॉगवर त्या जागी काहीच ठेवलं नाही, कारण का काढला हे सांगायचं तर रुक्मिणीचं नाव घ्यावं लागलं असतं.

दोन दिवसांत गावभर झालं, बाईंनी माफी मागितली. लेख खोटा होता, म्हणून काढला. पानाच्या टपरीवर, बाजारात, देवळाच्या पारावर. मला लोक थांबवून विचारायचे, ‘‘मगे, फुसको बार झालो मा?’’ ताईंना तर तोंडावर म्हणायचे. त्या नुसत्या ‘‘हां’’ म्हणायच्या आणि पुढं चालू लागायच्या. ज्या बाईनं आयुष्यात एका धावपटूची जागा पहिल्यावरून दुसऱ्यावर चुकवली नाही, ती दोन वर्षं खोटारडी म्हणून या बाजारातून चालत होती, एका मच्छीवालीच्या धाकट्या पोरीचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून. आणि मला ते माहीत असून बोलायची बंदी होती.

साखर त्यांना आधीपासूनच होती. गडग्यावर उभं राहताना एकदा पायाला दगड लागला, ती जखम भरली नाही. मग मूत्रपिंडं. या वर्षी आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोव्याला जायच्या, आणि परतीच्या गाडीत मला फोन करून सांगायच्या, अमुक शाळेच्या पोरींचा निकाल विचारून ठेव. जूनमध्ये रुक्मिणीची धाकटी दहावी पास झाली आणि दुसऱ्या गावी कॉलेजात गेली. मी म्हटलं, ताई, आता तो लेख परत टाकूया. म्हणाल्या, ‘‘मी नाय इचारूचंय. तेंका वाटात तेवा ती सांगतली.’’ गणपती झाले, नवरात्र झालं... आणि ऑक्टोबरात त्या गेल्या.

शोकसभा त्याच शाळेच्या सभागृहात झाली. हो, त्याच. ज्या गेटमधून त्यांना आत सोडलं नाही, त्याच गेटवर त्यांच्या नावाची कमान होती. व्यासपीठावर त्यांचा फोटो, हार, समई. बऱ्याच जणांनी भाषणं केली. क्रीडाप्रेमी, समाजसेविका, मायेचं छत्र... ताई ऐकत असत्या तर उठून गेल्या असत्या. शेवटी अध्यक्ष उठले. त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, ‘‘नलिनीताईंचं मन फार मोठं होतं. एकदा गैरसमजातून त्यांच्या हातून काही लिहिलं गेलं, पण चूक लक्षात येताच त्यांनी ती मोठ्या मनानं मागे घेतली. चूक कबूल करणारी अशी माणसं आता राहिली नाहीत.’’ आणि संस्थेतर्फे ताईंच्या नावानं मुलींच्या कबड्डीसाठी फिरता चषक जाहीर केला. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या!

मी उठलो. काय बोललो ते मला नीट आठवत नाही. ‘‘हे खोटं आहे’’ एवढं नक्की ओरडलो. दोघा-तिघांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. ‘‘बाबू, आजचो दीस तरी...’’ असं कुणीतरी म्हणालं. माइकवरून कुणी घाईघाईनं जाहीर केलं की आता विद्यार्थिनींतर्फे पुष्पांजली.

रांगेतून मानसी पुढं आली. ती आली आहे हे मला माहीतच नव्हतं. आता ती कणकवलीला कॉलेजात असते. एक पाय सरळ ठेवून, कठड्याला धरून ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. तिला वेळ लागला. तिनं फूल ठेवलं, आणि मग खाली उतरायच्याऐवजी माइकपाशी गेली. सुरुवात तिनं शुद्ध मराठीत केली, ‘‘मला दोन शब्द बोलायचे आहेत,’’ आणि पुढच्याच वाक्याला तिची भाषा सुटली.

‘‘माजो पाय घराकडे मोडलो नाय. हयसरच्या ग्राउंडार मोडलो. खड्डो मांडवाचो होतो. गुडगो सुजलेलो आसताना माका परत उतरवल्यानी. ताईन लिवलेला सगळा खरा होता. ताईन ता काडल्यान माज्या भयणीसाठी. ती आता हय शिकाक नाय. म्हणान मी आज सांगतंय.’’

एवढंच. आवाज चढवला नाही. अध्यक्ष मोबाइलकडं बघत होते. मग मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. गडग्याकडं धावत येणाऱ्या त्या पोरी, आता मोठ्या झालेल्या, एकेक उठून बाहेर पडत होत्या. राष्ट्रगीताला थांबायला सभागृहात फक्त व्यासपीठ आणि पुढच्या दोन रांगा उरल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. कोण कोण उपस्थित होतं त्याची यादी, अध्यक्षांनी जाहीर केलेला चषक, ‘सभागृह भावुक झाले’. मानसीचं नाव कुठंही नाही.

सभागृहाबाहेर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. हळू आवाजात म्हणाले, ‘‘आता हे लिहीत बसू नकोस हां. बाईंच्या आत्म्याला शांती मिळू दे.’’ ताईंच्या आत्म्याची तुम्ही काळजी करू नका. तुमच्या गेटबाहेर दोन वर्षं उन्हात उभा राहून तो चांगला टणक झालेला आहे.

मी बंदरावर गेलो. रुक्मिणी सुरमई कापत होती. मी विचारायला तोंड उघडलं, तर तिनं कोयतीवरून नजरही उचलली नाही. ‘‘माका कित्या इचारतंस? माजा चेडू बोल्ला मा सगळ्यांसमोर? घाल. आणि तेच्याखाली लिव, तिच्या आवशीन सांगल्यान म्हणान घातलंय.’’

त्याच दुपारी ‘हा खड्डा कोणाचा?’ मी होता तसा परत लावला. तारीख जुनी, फोटो तोच, शब्द सगळे ताईंचे. खाली रुक्मिणीनं सांगितलं ते वाक्य. संध्याकाळी त्यावर पहिला अभिप्राय आला, कणकवलीहून. मानसीचा.

‘ताईंनी डावा गुडघा लिहिला आहे. त्या समोरून बघत होत्या, म्हणून तसं वाटलं असेल. उजवा होता.’

त्या अख्ख्या लेखात चूक म्हणाल तर ती एवढीच. मी ती दुरुस्त केली आहे.